थंड देशात नुकतेच आलोय, उष्णतेची लाट सुरू झालीय : वरच्या मजल्यावरचं घर आणि घरातली माणसं कशी सांभाळायची?

नवा_पत्ता

थंड हवामानाच्या देशात नुकतंच बिऱ्हाड हलवलंय. तात्पुरतं भाड्याचं घर चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट उतरत्या छपराखाली आहे. पश्चिमेला आत उघडणाऱ्या दोन मोठ्या खिडक्या, उत्तरेला स्वयंपाकघराची एक लहान. बाहेरून शटर नाहीत, छताला पंखा नाही, एसी नाही. पुढचे सहा दिवस ३६ ते ३८ अंशांचा इशारा आहे. घरात ५ महिन्यांचं बाळ आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांना रक्तदाबासाठी लघवी जास्त करवणारी गोळी चालू आहे.

आम्ही उष्ण प्रदेशातून आलोय, चाळिशीपार पारा सवयीचा. पण इथे रात्री ११ वाजता घरात ३१ अंश आणि बाहेर २४, हे गणित कळत नाही. तर :

१. घर थंड कसं ठेवायचं? भिंतींना भोकं पाडायची परवानगी नाही.
२. पोर्टेबल एसी घ्यावा की पाण्याचा कूलर? जुन्या देशातून आणलेला टेबल फॅन चालेल का?
३. बाळाची आणि सासूबाईंची काय काळजी घ्यावी?
४. याच आठवड्यात सामान वर चढवायचंय, सरकारी नोंदणी करायचीय आणि कायमचं घरही बघायचंय. काय पुढे ढकलावं?

उंबरठा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

थंड देशातलं घर उष्णता आत धरून ठेवायलाच बांधलेलं असतं : जाड इन्सुलेशन (भिंती-छपरातला उष्णता अडवणारा थर), दुहेरी काच, फट न ठेवणाऱ्या खिडक्या. इन्सुलेशनला दोष देऊ नका, बाहेरची उष्णताही तेच अडवतं. खरा घोळ काचेपाशी होतो. ऊन काचेतून आत येतं, जमीन, गाद्या, भिंती तापवतं, आणि त्या उष्णतेला परत बाहेर जायला वाट मिळत नाही. विषुववृत्ताच्या जवळपास दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे ऊन छपरावर पडतं आणि छज्जा खिडकीला सावली देतो. जास्त अक्षांशावर उन्हाळ्यातला सूर्य रात्री नऊ-साडेनऊपर्यंत मावळत नाही. दुपारनंतर तो पश्चिमेला खाली उतरतो आणि ऊन उभ्या काचेवर जवळपास समोरून येतं. तिथे छज्जा निरुपयोगी. निरभ्र संध्याकाळी अशा काचेवर दर चौरस मीटरला सहाशे-सातशे वॅट ऊन पडतं आणि साध्या दुहेरी काचेतून त्यातलं निम्म्याहून जास्त आत शिरतं. तुमच्या दोन खिडक्यांची मिळून ३ चौरस मीटर काच धरली, तर हजार-बाराशे वॅटचा हीटर रोज संध्याकाळी चालू राहतो. रात्रीचे ३१ अंश तिथून आलेत.

म्हणून सावली काचेच्या बाहेर हवी. आतला पडदा लावलात तर ऊन आधीच काच ओलांडून आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. बाहेरची सावली तीन-चतुर्थांशाहून जास्त ऊन परतवते.

खिडक्या आत उघडतात हे इथे फार सोयीचं आहे. खिडकी पूर्ण उघडा आणि बाहेरच्या बाजूच्या भिंतीच्या खाचेत, म्हणजे काच आणि दर्शनी भिंत यांच्यामधल्या जागेत, स्प्रिंगचा दांडा बसवा. हा दांडा फिरवून लांब करायचा असतो, दोन्ही टोकांच्या रबरावर दाबून बसतो, भोक लागत नाही. एक वर, एक खाली. त्यावर फिकट रंगाचं जाड सुती कापड किंवा शेडनेट ताणा. कापड काचेपासून ५ ते १० सेंमी लांब ठेवा आणि वर-खाली बोटभर फट सोडा, म्हणजे मधली तापलेली हवा वरून निघून जाईल. दोन्ही दांड्यांना दोरी बांधून दुसरं टोक आतल्या बिजागरीला अडकवा. रबर उन्हात मऊ पडतं, वाऱ्याने दांडा सुटतो, आणि चौथ्या मजल्यावरून तो खाली जाता कामा नये. हे सगळं खोलीत उभं राहून हात पोचेल तेवढंच करा. बाहेर वाकावं लागत असेल तर सोडून द्या.

चमकत्या ॲल्युमिनियमच्या पातळ चादरी बऱ्याच ठिकाणी सुचवलेल्या दिसतील. त्या काचेला आतून घट्ट चिकटवू नका. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते आणि त्या ताणाने काच तडकू शकते. अर्धीच काच झाकली तर धोका वाढतो. भरपाई अर्थात भाडेकरूकडून मागितली जाते.

आता खिडक्या कधी उघडायच्या. दोन थर्मामीटर घ्या. एक खोलीत, दुसरा उत्तरेच्या खिडकीबाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा वर गेला की सगळं बंद. लाटेच्या दिवसांत हे सकाळी नऊच्या आसपासच होतं. ‘वारा येतोय’ म्हणून दुपारी खिडकी उघडी ठेवणं ही नव्याने आलेल्यांची सगळ्यात मोठी चूक. रात्री बाहेरचा आकडा दोन अंशांनी खाली आला की सताड उघडा. खिडकी वरून नुसती कलती ठेवली तर हवा अगदीच थोडी बदलते.

पंखा रात्री पश्चिमेच्या खिडकीपाशी, तोंड बाहेर करून, खिडकीपासून अर्धा ते एक मीटर आत ठेवा. एवढ्या अंतरात झोत पसरून पूर्ण खिडकी व्यापतो आणि आजूबाजूची हवाही ओढून नेतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थंड हवा आत येते. मधल्या दारांना पाचर लावा. वारा पश्चिमेचाच असेल तर पंख्याची दिशा उलटी करा.

हे रात्रभर चालू द्या. खोलीतली हवा पंधरा-वीस मिनिटांत थंड होते, थर्मामीटर खाली येतो, माणूस खिडकी लावून झोपतो आणि अर्ध्या तासात आकडा पुन्हा वर. भिंती, फरशी, गाद्या अजून गरमच असतात. त्यांना निवायला पाच-सहा तास लागतात.

तीन_पिना

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

टेबल फॅन : मागच्या पट्टीवरचे व्होल्ट आणि हर्ट्झ वाचा. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. २३० व्होल्टचा पंखा १२० व्होल्टवर कसाबसा फिरेल किंवा फिरणारच नाही. ११०-१२० व्होल्टचा २३० ला लावलात तर मोटर जळेल, आग लागू शकते. व्होल्टेज जुळत असेल आणि फक्त पिना वेगळ्या असतील तर बेलाशक वापरा. लाट सुरू झाली की अशा देशांत पंखे दोन-तीन दिवसांत दुकानांतून संपतात, तेव्हा आणलेला चालत असेल तर जपा.

पाण्याचा कूलर : हवा किती कोरडी आहे यावर सगळं अवलंबून. ३५ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाणी वाळवून हवा जास्तीत जास्त जितकी थंड करता येते तो आकडा, १९ च्या आसपास येतं, कूलर छान चालतो. त्याच ३५ अंशांना आर्द्रता ६० टक्के असेल तर ते २८ च्या वर. मग कूलर खोलीत फक्त दमटपणा भरतो आणि घाम वाळेनासा होतो. शिवाय कूलरला हवा बाहेर जायला उघडी खिडकी लागते, आणि वर उंबरठा यांनी सांगितलेल्या दिवसा बंद ठेवायच्या घरात ती नसते. बंद खोलीत कूलर लावू नका. ‘मिनी एसी’ नावाने विकले जाणारे, यूएसबीवर चालणारे, पाण्याची टाकी असलेले डबेसुद्धा कूलरच आहेत. ज्यातून गरम हवा नळीने बाहेर जात नाही, तो एसी नाही.

पोर्टेबल एसी : तुमच्या घरात बाळ आहे, म्हणून एका खोलीपुरता तरी घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. ९,००० बीटीयूचं मशीन, म्हणजे सुमारे २.६ किलोवॅट थंडावा, १५ ते २० चौरस मीटरच्या खोलीला साधारण पुरतं. छपराखालच्या खोलीला खालच्या टोकाचाच अंदाज धरा. ते अंदाजे १ किलोवॅट वीज खातं, म्हणून थेट भिंतीतल्या सॉकेटला. मल्टीप्लगला नाही, आणि त्याच सर्किटवर किटली किंवा ओव्हन एकाच वेळी नाही.

एका नळीचं मशीन खोलीतलीच हवा बाहेर फेकतं. तेवढीच हवा दाराखालून, फटींतून बाहेरची गरम हवा म्हणून आत येते. दोन नळ्यांचं मिळालं तर तेच घ्या. एकच नळीचं असेल तर खोलीचं दार लावून ठेवा आणि अख्खं घर थंड करायचा नाद सोडा.

आत उघडणाऱ्या खिडकीसाठी चेनचं कापडी सील मिळतं. ते चौकट आणि पल्ला दोन्हींना वेल्क्रोने चिकटवतात. चिकटवण्याआधी चौकट स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवा, नाहीतर पट्टी त्याच रात्री सुटते. सील न लावता नळी नुसती खिडकीबाहेर काढून ठेवणं म्हणजे वीज जाळणं. नळी आखूड आणि सरळ ठेवा, जोड देऊन लांबवू नका. ती खूप तापते आणि वाटेत खोलीलाच उष्णता देते, म्हणून तिच्याभोवती जाड टॉवेल किंवा इन्सुलेशनचं आवरण गुंडाळा. नळी आतल्या बाजूला राहते, तिथे बाळाचा हात पोचणार नाही हे पाहा. हवेतल्या दमटपणाचं पाणी साठवणारी ट्रे भरली की मशीन आपोआप बंद पडतं. रात्री दीड वाजता ते बंद झालं आणि कुणाला कळलं नाही असं होऊ नये, तेव्हा झोपण्यापूर्वी रिकामी करा.

निशिगंध

रुग्णालयात काम करते, त्या अनुभवाच्या बळावर तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

आधी एक गोष्ट मनावर घ्या. ‘आम्हाला ४२ ची सवय आहे’ हे आज खरं नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. थंडीत काही आठवडे राहिलात की ही सवय निघून जाते. आणि इथली उष्णता रात्रीही पाठ सोडत नाही, शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०२१ च्या लाटेत, ज्या लाटेत लिटन गावात ४९.६ अंशांची नोंद झाली, उष्णतेने ६१९ माणसं गेली. त्यांतल्या ९८ टक्के लोकांना घरातच, आतल्या उष्णतेने त्रास झाला होता. बहुतेक वयस्कर होते. तेव्हा धोका रस्त्यावर शोधू नका, खोलीतल्या थर्मामीटरवर लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसा ३२ च्या खाली, रात्री २४ च्या खाली असा आहे. घर त्यात बसत नसेल तर दुपारचे दोन-तीन तास वाचनालय किंवा एसी असलेल्या दुसऱ्या सार्वजनिक जागी काढा.

बाळ : ५ महिन्यांच्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही. अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा. पावडरचं दूध असेल तर डब्यावरच्या मापानेच करा, पातळ करू नका. अंगात फक्त लंगोट पुरे. लंगोट ओले होणं कमी झालं, टाळू खोल गेली, बाळ दूध पिताना झोपी जाऊ लागलं किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल तर लगेच डॉक्टर. बाबागाडीवर कापड टाकू नका. आतली हवा कोंडते आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे १० अंशांनी वाढतं, काच थोडी खाली ठेवून फरक पडत नाही.

सासूबाई : गोळी स्वतःहून बंद करू नका, पण लाट येतेय हे डॉक्टरांना आत्ताच कळवा आणि डोस बदलायचा का ते विचारा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा. एका दिवसात किलोभर उतरलं, किंवा उठून उभं राहताना चक्कर आली तर फोन करा. ‘लघवी पिवळी झाली की पाणी प्या’ हा नेहमीचा सल्ला त्यांना लागू नाही. या गोळीने लघवी फिकट दिसते आणि तरी शरीरात पाणी कमी असू शकतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रासही असेल तर किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. रक्तदाब आहे, म्हणून उठसूट मीठ-साखरेचं पाणी देऊ नका. उलटी, जुलाब किंवा खूप घाम झाला तरच : १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा ५ मिलिलिटरचा, हे नक्की पाहा. नव्या देशातले चमचे वेगळ्या मापाचे असतात आणि मीठ जास्त पडणं धोक्याचं आहे.

औषधांची खोकी उघड्या खिडकीत ठेवू नका. बहुतेकांवर २५ किंवा ३० अंशांची मर्यादा छापलेली असते. आणि गोळ्यांची ब्रँडची नावं देशागणिक बदलतात, म्हणून मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम एका कागदावर लिहून ठेवा.

उष्माघात : माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जातोय, झटके आले, शुद्ध हरपतेय आणि अंग खूप तापलेलं आहे, तर आणीबाणीचा नंबर फिरवा. त्वचा कोरडी होण्याची वाट बघू नका, घाम येत असतानाही उष्माघात होतो. गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही. टबात गळ्यापर्यंत थंड पाणी सगळ्यात उत्तम, डोकं धरून ठेवायला माणूस हवा. टब नसेल तर कपडे काढून अंगावर सतत पाणी आणि पंखा. मानेला, काखेत, जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ. शुद्ध नीट नसेल तर तोंडातून काही देऊ नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा तापाचा ताप नव्हे.

आणीबाणीचा नंबर, घराचा पत्ता, मजला, मुख्य दाराचा कोड हे सगळं स्थानिक भाषेत लिहून फ्रिजवर लावा. नवख्या भाषेत, घाबरलेल्या अवस्थेत पत्ता सांगता येत नाही.

सहावा_माळा

उंबरठा यांच्या रात्री सताड उघड्या खिडक्यांना एक मोठी अट जोडतो : चौथा मजला आणि घरात मूल. तुमचं बाळ अजून रांगत नसेल, पण काही आठवड्यांत रांगेल. खिडकी १० सेंमीच्या पुढे उघडू न देणारा अडसर मिळतो. तो लावला की हवा घटते, म्हणून रात्री मोठी माणसं असलेल्या खोलीतली खिडकी पूर्ण उघडा आणि बाळाच्या खोलीतली अडसरावर ठेवा. खिडकीखाली पलंग, खुर्ची, सामानाची खोकी नकोत. जाळी डास अडवते, मूल अडवत नाही.

दुसरं, आसपास वणवा पेटलेला असेल आणि धुराचा इशारा असेल तर रात्रीही खिडक्या बंद. तेव्हा एसी असलेली एक खोली हाच पर्याय राहतो.

नवा_पत्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पंख्याचे व्होल्ट जुळतात. दांडे आणि कापड आजच आणतोय. दोन शंका : बाळावर पंख्याचा झोत चालेल का? आणि सासूबाई म्हणतात मला उकडत नाही, पंखा नको, उलट चादर द्या. खोलीत ३० आहेत.

निशिगंध

बाळाच्या तोंडावर थेट झोत नको. पंखा फिरता ठेवा, खोलीतली हवा हलली की पुरे. पाळण्याच्या कडेचे कापडी कठडे काढून टाका, ते वारा अडवतात.

सासूबाई खोटं बोलत नाहीयेत. वय वाढलं की उकाडा आणि तहान दोन्ही कमी जाणवतात, घामही कमी येतो. म्हणूनच त्यांना विचारून ठरवू नका, थर्मामीटर बघून ठरवा. पातळ सुती चादर द्या हवी तर, पण हात आणि पाय कोपरा-गुडघ्यापर्यंत उघडे ठेवायला सांगा, त्यावर ओला पंचा फिरवा आणि पंखा पायांकडून लावा. पाणी मागण्याची वाट न बघता दर तासाला छोटा पेला हातात द्या. खोली ३७-३८ च्या वर गेली तर त्यांच्या वयात नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नका. तेव्हा पंखा गरम हवाच अंगावर आणतो आणि ती उष्णता बाहेर टाकण्याइतका घाम त्यांना येत नाही. अशा वेळी त्यांना तिथून हलवा.

लाल_फित

चौथा प्रश्न राहिला.

सामान चढवणं पुढे ढकलता येत असेल तर ढकला. येत नसेल तर नव्या कामगारांना उष्णतेची सवय लावण्याचा नियम घरालाही लावा : पहिल्या दिवशी एरवीच्या २० टक्के काम, मग रोज २० टक्क्यांनी वाढ. पहाटे पाच ते आठ ही वेळ चांगली, पण इमारतीत शांततेच्या वेळा ठरलेल्या असतील तर आधी शेजाऱ्यांना सांगा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको, रक्तातलं मीठ पातळ होतं.

सरकारी नोंदणीला बहुतेक देशांत मुदत असते, ती चुकवू नका. सकाळची पहिली वेळ घ्या. बाळाला आणि सासूबाईंना प्रत्यक्ष यावंच लागतं का हे आधी विचारा, बऱ्याचदा सहीचं अधिकारपत्र चालतं. अशा देशांतल्या जुन्या कचेऱ्यांत आणि बसगाड्यांत एसी असेलच असं नाही.

घर बघणं मात्र अजिबात पुढे ढकलू नका. घर कसं तापतं हे लाटेतच कळतं. भेट संध्याकाळी सहाची मागा, सकाळची नको. आत गेल्या गेल्या थर्मामीटर टेबलावर ठेवा आणि निघताना वाचा. उतरत्या छताला आतून हात लावा. गरम लागलं तर इन्सुलेशन कच्चं आहे. फोनच्या होकायंत्राने खिडक्यांची दिशा नोंदवा. झोपायच्या खोलीला पश्चिम नको, उत्तर गोलार्धात उत्तर किंवा पूर्व बरी. दोन विरुद्ध बाजूंना खिडक्या हव्यात. प्रत्येक खिडकी स्वतः पूर्ण उघडून पाहा, काही कुलूपबंद असतात. बाहेर शटर सरकण्याची पन्हळ आहे का बघा. तळमजला थंड असतो, पण चोरीच्या भीतीने रात्री खिडक्या उघड्या ठेवता येत नाहीत, मग त्याचा निम्मा फायदा जातो. मला विचाराल तर मधला मजला, आरपार वारा आणि बाहेरची शटर, या क्रमाने बघा.

करार करताना तीन गोष्टी लेखी घ्या : बाहेरची सावली लावायची परवानगी, भिंतीवरचा एसी लावायची परवानगी, आणि घर सोडताना ते काढायचा खर्च कुणाचा. राहायला जाण्यापूर्वी प्रत्येक खिडकीच्या चौकटीचे आणि काचेचे तारखेसकट फोटो काढून घरमालकाला ईमेलने पाठवा.